बिनतारी विमानांचे मंडळ

खेळण्यातले विमान म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे जत्रेतले पत्र्याचे, किल्ली देऊन जमिनीवर धावणारे विमान उभे राहते. आज ज्या विमानांविषयी सांगावयाचे आहे ती त्या जातीची नव्हेत. ती खरोखर उडतात. त्यांस पंख असतात, सुकाणू असते, इंजिन किंवा विजेची मोटर असते. नसतो तो केवळ आत बसणारा वैमानिक. तो खाली जमिनीवर हातात एक पेटी घेऊन उभा असतो, आणि त्याच्या अंगठ्यांची हालचाल बिनतारी लहरींवरून विमानाच्या सुकाणूपर्यंत पोचते. अशी विमाने बांधणाऱ्या व उडविणाऱ्या हौशी लोकांची मंडळे अमेरिकेत आणि इंग्लंडात गावोगाव आहेत. विमान कसे उडते हे पुस्तक वाचून कळते. परंतु चाळीस-पन्नास हौशी माणसांस एका कुरणावर वर्षानुवर्षे एकत्र नांदविणे, कोणाचे बोट तुटू न देणे, शेजाऱ्याची तक्रार येऊ न देणे आणि ते कुरण हातचे जाऊ न देणे, ही विद्या अगदी निराळी. आणि ती शिकविणारे पुस्तक सहसा मिळत नाही.

लहान विमान हे मोठ्या विमानाची नक्कल होय, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः वडीलपण लहानाकडे जाते. १८७१ साली आल्फाँस पेनो नावाच्या फ्रेंच तरुणाने पॅरिसमधील त्विलरी बागेत पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारे एक चिमुकले विमान सोडले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. मनुष्यास घेऊन उडणारे यंत्र त्या वेळी कोणाच्या स्वप्नातच असेल तर असेल! पुढे १८७८ साली मिल्टन राइट यांनी आपल्या दोन मुलांसाठी घरी आणलेले उडते खेळणे ह्याच पेनोच्या कल्पनेवरून केलेले होते. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल.

बिनतारीची जोड मिळावयास मात्र आणखी साठ वर्षे लागली. अमेरिकेतील कॅलॅमझू गावच्या वॉल्टर आणि विल्यम गुड ह्या जुळ्या भावांनी १९३७ साली सुमारे आठ फूट पंखांचे एक विमान बांधून ते जमिनीवरून बिनतारीने वळविले. त्याचे नाव ‘गफ’. दुसऱ्याच वर्षी राष्ट्रीय सामन्यांत त्याने पहिला क्रमांक पटकाविला, आणि आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रही आहे. त्या काळच्या साधनांची कल्पना आजच्या मुलास येणे कठीण. बटण एकदा दाबले की सुकाणू उजवीकडे, पुन्हा दाबले की डावीकडे. मागचे दाबणे कोणते होते हे विसरला तो संपलाच.

अमेरिकेतील ह्या हौशी लोकांची मध्यवर्ती संस्था, अकॅडमी ऑफ मॉडेल एअरोनॉटिक्स, १९३६ साली स्थापन झाली. तिचे ठाणे इंडियाना संस्थानातील मन्सी गावी हजार एकरांहून मोठ्या जागेत आहे. इंग्लंडातील संस्था त्याहून जुनी, १९२२ ची. परंतु मध्यवर्ती संस्था कितीही मोठी असली तरी विमान उडते ते गावच्या मंडळातच. मध्यवर्ती संस्थेकडून गावच्या मंडळास दोन गोष्टी मिळतात. एक, सुरक्षिततेचे लेखी नियम. आणि दुसरी, विमा. सभासदाच्या विमानाने कोणाची मोटार फुटली, कोणास इजा झाली, तर भरपाईची तरतूद त्यात असते. अमेरिकेत ही मर्यादा २५ लाख डॉलरांची आहे. आकडा ऐकून खेळण्यास एवढा विमा कशाला, असे कोणी विचारील. पाच पौंड वजनाचे विमान ताशी साठ मैलांच्या वेगाने येत असेल तर त्यातील शक्तीचा हिशेब शाळेतल्या सूत्रानेच करून पाहावा. ताशी नव्वद मैलांनी येणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा ती सहापटीहून अधिक भरते. शिवाय चेंडूस पुढे फिरणारा पंखा नसतो!

मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि सुरक्षा-अधिकारी असे कारभारी असतात. अध्यक्षाचे नाव कागदावर वर असते, पण मंडळ जगते ते चिटणिसावर, आणि ज्याच्याजवळ गवत कापण्याचे यंत्र आहे त्या सभासदावर. हे विनोदाने म्हटलेले नाही. धावपट्टी म्हणजे बहुतेक ठिकाणी कापलेल्या गवताचीच असते. चारपाचशे फूट लांब, शंभरएक फूट रुंद. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तरी गवत कापावेच लागते. आठवडा चुकला तर लहान चाकांची विमाने गवतात अडकून नाकावर पडतात. दोन आठवडे चुकले तर सभासद येईनासे होतात. वर्गणी वसूल करणे सोपे, गवत कापण्याच्या पाळ्या वसूल करणे कठीण. ज्या मंडळांनी पाळीऐवजी वर्गणी वाढवून मजूर लावला ती अधिक सुखी दिसतात, मात्र अशा मंडळांत लोक उडवितात आणि घरी जातात. एकमेकांची नावे त्यांस ठाऊक नसतात. हाताने काम केल्याशिवाय जागेविषयी आपलेपणा वाटत नाही, असा तेथील जुन्या चालकांचा अनुभव आहे, आणि तो खरा मानावयास हरकत नाही.

आता जागेविषयी. मंडळाचा प्राण जागेत असतो, आणि ती बहुधा दुसऱ्याची असते. कोणा शेतकऱ्याचे पडीत रान, नगरपालिकेच्या बागेचा एक कोपरा, किंवा भरून बंद झालेली कचऱ्याची खाच. ही शेवटची जागा ऐकावयास विचित्र वाटते, पण हौशी लोकांस ती फार आवडते. खालचा कचरा कुजत राहिल्याने जमीन खचते, वायू निघतो, म्हणून तेथे घरे बांधता येत नाहीत. आणि घरे नाहीत म्हणजे तक्रार नाही. शेतकऱ्याच्या जागेस मात्र दोन मरणे ठरलेली असतात. एक, म्हातारा मालक वारला आणि मुलांनी जमीन विकली. दुसरे, गाव वाढत वाढत कुंपणापर्यंत आले. कित्येक मंडळांनी अशी तीनतीन, चारचार मैदाने बदलली आहेत. म्हणून शहाणे चालक दर वर्षी विम्याच्या पत्रात मालकाचे नाव घालून ते स्वतः त्याच्या हाती नेऊन देतात, सणावारी काही भेट धाडतात, पेरणीच्या दिवसांत पिकात पडलेले विमान शोधताना कोणी ताटे तुडविणार नाही ह्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतात. आणि मुख्य म्हणजे जुनी जागा हाती असतानाच नवी पाहून ठेवतात.

जागेचे हे ऋण एका मोठ्या प्रसंगी फार सुंदर रीतीने मानले गेले. मेनार्ड हिल नावाचे अमेरिकन गृहस्थ, वय सत्तरीच्या पुढे, दृष्टी जवळजवळ गेलेली. त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी अटलांटिक महासागर ओलांडील असे एक विमान बांधले. वजन इंधनासकट पाच किलोच्या आत, कारण आंतरराष्ट्रीय नियमाची मर्यादा तीच. आधीचे प्रयत्न फसले होते. २००३ च्या ऑगस्टमध्ये न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअर टोकावरून ते सोडले गेले, आणि ३८ तास ५२ मिनिटांनी, सुमारे १,८८० मैल जाऊन, आयर्लंडच्या किनाऱ्यावर वाट पाहत उभ्या असलेल्या सोबत्याने ते हाती घेऊन खाली उतरविले. समुद्रावरून अर्थातच ते आपोआप चालत होते. त्या विमानास कोणा राजाचे अथवा व्यापाऱ्याचे नाव नव्हते. मेरीलँडमधील ज्या शेतावर त्याच्या चाचण्या झाल्या त्या शेताचे नाव त्यास दिलेले होते: ‘द स्पिरिट ऑफ बट्स फार्म’.

जागेच्या खालोखाल महत्त्वाची गोष्ट म्हणजे लहरी. ही गोष्ट थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण मंडळाची शिस्त घडली ती हिच्यापायी. अमेरिकेत ह्या विमानांस ७२ मेगाहर्ट्झचा पट्टा दिलेला होता, आणि १९९० नंतरच्या व्यवस्थेत त्याचे ११ पासून ६० पर्यंत ५० भाग केलेले होते. जुन्या तऱ्हेच्या विमानास आपला धनी ओळखता येत नसे. ज्या भागावर ते जुळविलेले असेल त्या भागावर जो बोलेल त्याचे ते ऐके. म्हणून एकाच भागाच्या दोन पेट्या एकाच वेळी चालू झाल्या की दोघांपैकी निदान एकाचे विमान खाली आलेच. सारा हिवाळा खपून बांधलेले विमान पाहता पाहता गिरक्या घेत जमिनीत घुसते, आणि मोटारीच्या आडोशाला कोणी सभासद ‘पेटी चालते की नाही एवढेच पाहत होतो’ म्हणून सांगतो. अशा वेळी कोणते शब्द ऐकू येत हे येथे न सांगितलेलेच बरे.

ह्यावर उपाय म्हणून प्रत्येक मैदानावर एक फळी आली. फळीवर क्रमांक, आणि प्रत्येक क्रमांकास कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यासारखा एक चिमटा. पण इथे गंमत अशी की चिमट्याच्या दोन पद्धती पडल्या. काही मंडळांत ज्याला उडवावयाचे त्याने आपल्या क्रमांकाचा चिमटा फळीवरून काढून पेटीस लावावयाचा; चिमटा फळीवर नसेल तर क्रमांक गुंतलेला आहे असे समजावे. दुसऱ्या मंडळांत प्रत्येकाने आपला चिमटा घरून आणून फळीवर लावावयाचा. तो फळीवर असेल तर क्रमांक गुंतलेला. दोन्ही पद्धती आपापल्या जागी निर्दोष. परंतु एका पद्धतीत वाढलेला पाहुणा दुसऱ्या पद्धतीच्या मैदानावर आला म्हणजे? रिकामी फळी पाहून एकाचा समज होई की आकाश मोकळे आहे, आणि दुसऱ्याचा की सारेच उडवीत आहेत. म्हणून पाहुणा आला की त्याला चहाकॉफी विचारण्याच्या आधी फळीपाशी नेणे हे सुरक्षा-अधिकाऱ्याचे पहिले काम होऊन बसले. शिवाय दोन मंडळांच्या मैदानांत तीन मैलांहून कमी अंतर असेल तर दोघांनी आपसात लेखी करार करून क्रमांक वाटून घ्यावेत, असाही नियम होता. कारण लहरींस कुंपण ठाऊक नसते.

२००५ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झची नवी पेटी आली. तिच्यात प्रत्येक विमान आपल्या पेटीशी खुणेच्या आकड्याने बांधलेले असते आणि परक्याचा हुकूम मानीत नाही. पाहता पाहता फळ्या ओस पडल्या. हे सोयीचे झाले ह्यात वाद नाही. परंतु फळीपाशी थांबावे लागे, दुसऱ्याचा चिमटा परत येईपर्यंत त्याच्याशी दोन शब्द बोलावे लागत, हे सारे तिच्याबरोबर गेले. पुष्कळ जुने सभासद त्या चिमट्यांची आठवण काढतात. तुटलेल्या विमानांची मात्र कोणी काढीत नाही.

फळी गेली तरी बाकीचे नियम आहेत तसेच आहेत. उडविणाऱ्यांनी एका रेषेवर उभे राहावयाचे, विमानाने रेषेच्या पलीकडेच राहावयाचे, प्रेक्षकांच्या डोक्यावरून कदापि जावयाचे नाही. उतरण्यापूर्वी मोठ्याने ओरडून सांगावयाचे. ज्याचे इंजिन हवेत बंद पडले असेल त्याला सर्वांनी वाट द्यावयाची, कारण त्याला दुसरी फेरी घेता येत नाही. इजा होते ती बहुधा आकाशातल्या विमानाने होत नाही, जमिनीवरच्या पंख्याने होते. तेलाचे इंजिन निदान गुरगुरून सूचना तरी देते. विजेची मोटर निमूट बसलेली असते आणि चुकून कळ लागली की एका क्षणात बोट कापते. म्हणून बॅटरी जोडली की पंखा फिरतोच आहे असे धरून चालावे, हा पाठ नवख्यास विमान हातात देण्याआधी देतात.

आवाजाची बाब निराळी. इंजिनाचा आवाज उडविणाऱ्यास मधुर वाटतो. रविवारी दुपारी झोपू पाहणाऱ्या शेजाऱ्यास तसा वाटत नाही. ब्रिटनमध्ये १९८२ साली सरकारने ह्याविषयी एक आचारसंहिता काढली, तीत सात मीटरांवरून मोजलेला आवाज ८२ डेसिबलपेक्षा अधिक नसावा असे म्हटले आहे. विजेच्या मोटरीने हे भांडण पुष्कळ मिटविले. तेलाच्या इंजिनात मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगण म्हणून पुष्कळदा एरंडेल असते; आपल्या गुजरातेतील एरंडीचे तेल पृथ्वीच्या पाठीवरच्या बहुतेक देशांत जाते, तेव्हा अमेरिकेतल्या कुरणावर पसरणारा तो धूर कदाचित तिकडचाच असेल.

शिकविण्याची रीत पाहण्यासारखी आहे. गुरूची पेटी आणि शिष्याची पेटी तारेने, अलीकडे बिनतारीने, जोडलेली असते. गुरू एक कळ दाबून धरतो तोवर विमान शिष्याच्या हाती. कळ सोडली की तत्काळ गुरूच्या हाती. पहिल्या दिवशी ती कळ किती वेळा सुटते ते मोजू नये. नवख्याची खरी अडचण अशी की विमान दूर जात असता उजवे ते उजवे असते, पण तेच आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की उजव्याचे डावे होते. ह्यावर एक सोपी युक्ति शिकवितात: जो पंख खाली झुकला असेल त्याच्या बाजूस दांडी ढकलावी, जणू त्या पंखाला खालून टेकू देत आहोत. एवढे अंगवळणी पडले की अर्धी विद्या आली. नवख्याने नेहमी दोन चुकांइतक्या उंचीवर उडवावे, असेही तेथील लोक म्हणतात.

पण हे शिकवावयाचे कोणी? दर रविवारी तेच दोघे-तिघे गुरू येतात, शिष्यांची रांग लागते, आणि त्यांची स्वतःची विमाने मोटारीतून बाहेरही निघत नाहीत. दोन वर्षे असे झाले की चांगला गुरूही कंटाळतो. कित्येक मंडळांनी म्हणून शिकविण्याची एक संध्याकाळ ठरविली आहे. बाकीचे दिवस गुरूलाही उडविण्याचा हक्क. ही साधी गोष्ट, पण तिच्यावर मंडळाचे आयुष्य अवलंबून असते. कारण काळ बदलला आहे. पूर्वी मुलाला विमान हवे असेल तर बाल्सा लाकडाच्या पट्ट्या कापीत महिनोन्महिने बसावे लागे, आणि ते उडविण्यासाठी मंडळाकडे जाण्यावाचून गत्यंतर नसे. आता फेसाचे तयार विमान खोक्यातून निघते, तोल सांभाळणारे यंत्र त्याच्या पोटातच असते, आणि मुलगा ते घरामागच्या पटांगणात उडवितो. त्याला मंडळाची गरज वाटत नाही. मंडळाला मात्र त्याची फार गरज आहे. पुष्कळ मैदानांवर आज पांढऱ्या केसांचीच गर्दी दिसते. ज्या मंडळांनी दारावर ‘परक्यांस मज्जाव’ लिहिले ती वठत चालली. ज्यांनी वर्षातून एक दिवस गावाला बोलावून शाळेतल्या मुलांच्या हाती शिष्याची पेटी दिली, त्यांच्याकडे निदान चारदोन तरी टिकतात.

त्यातच कायदा आला. चार पंख्यांची उडती यंत्रे बाजारात स्वस्त झाली, कोणीही ती विमानतळाजवळ नेऊ लागला, आणि शंभर वर्षे शिस्तीने वागलेल्या मंडळींसही सरकारने त्याच दोरीत बांधले. अमेरिकेत डिसेंबर २०१५ मध्ये २५० ग्रॅमहून जड विमानाच्या धन्याने नोंदणी करावी असा हुकूम निघाला. मे २०१७ मध्ये न्यायालयाने हौशी लोकांपुरता तो रद्द केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नव्या कायद्याने तो पुन्हा जिवंत झाला. पुढे विमानाने उडताना आपली ओळख बिनतारीने सांगत राहावे असा नियम झाला, व मार्च २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. परंतु सरकारमान्य ठरलेल्या मैदानावर उडवीत असल्यास ह्या ओळखीची जरुरी नाही. ह्या एका सवलतीने गावच्या मंडळास पुन्हा किंमत आली. जो चिटणीस कालपर्यंत गवताच्या पाळ्या लिहीत असे, तो आता नकाशे आणि अर्ज लिहू लागला.

आपल्याकडे ह्या विद्येचा धागा जुना आहे. राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कलकत्ता येथे सुरू झाली, आणि छोटी विमाने बांधणे व उडविणे हा तिच्या शिक्षणाचा भाग आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, शिक्षणासाठी, संशोधनासाठी वा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या अशा विमानांचा वेगळा उल्लेख केलेला आहे, आणि त्यांस नमुना-प्रमाणपत्राची अट घातलेली नाही. हिरव्या टापूत ४०० फुटांपर्यंत आकाश मोकळे ठेविले आहे. अडचण येते ती टापूंची. पुण्यास लोहगाव, नाशकास ओझर, मुंबईस सांताक्रूझ व जुहू. जेथे हौशी लोक अधिक तेथेच विमानतळ जवळ. म्हणून मंडळ काढू पाहणाऱ्याने आधी विमान विकत न घेता सरकारी नकाशा पाहावा, मग शहरापासून दूर एखाद्या शेतकऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसावे.

अमेरिकेतले हौशी लोक बर्फाच्या दिवसांत घरी बसून विमाने बांधतात आणि उन्हाळ्यात ती उडवितात. देशावर हा क्रम आपोआप फिरतो. मृगापासून चिखल, वारा आणि उभे पीक. ते चार महिने पंख जोडण्याचे, कागद-कापड ताणून बसविण्याचे, नवख्यास दांडी धरावयास शिकविण्याचे. दसऱ्यानंतर बाजरी निघते, रान मोकळे होते, सकाळी नवापर्यंत वारा पडलेला असतो. चैत्रापर्यंत तशा सकाळी पुष्कळ मिळतात.